सातारा प्रांतांतील तीन लेकींचे संसार

पुण्याहून कोल्हापुराकडे जाणारा हमरस्ता सातारा मागें टाकून दक्षिणेस वळला म्हणजे कऱ्हाडच्या अलीकडे उंब्रज लागतें. तारळी येथें कृष्णेस मिळते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक येथें आहे. गांव लहान, पण जुन्या सातारा जिल्ह्याच्या बहुतेक मध्यावर. उंब्रजाहून उत्तरेस शिरवळच्या बाजूस गेलें तर नायगांव. आग्नेयेस कऱ्हाड ओलांडून गेलें तर देवराष्ट्रें. आणखी दक्षिणेस आष्टें. १९४९ सालीं या जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण भागास १९६० पासून सांगली जिल्हा म्हणूं लागले. पण ज्या काळाविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे त्या काळीं हीं तिन्ही गांवें एकाच सातारा प्रांतांत मोडत. नायगांवीं १८३१ सालीं सावित्रीबाई फुले जन्मल्या, आष्ट्यास १८६१ सालीं काशीबाई कानिटकर आणि देवराष्ट्र्यास १८६२ सालीं रमाबाई रानडे. तिघींचीं चरित्रें समाजकार्याच्या व वाङ्मयाच्या इतिहासांत मानानें गोविलेलीं आहेत. आम्हांस येथें त्यांच्या कार्याकडे पाहावयाचें नाहीं. नवरा आणि बायको दिवस कसा घालवीत, एकमेकांशीं काय बोलत, त्यांचे स्नेही कोण, त्यांना छंद कोणते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यास आपण आज सहज 'संसार' म्हणतों त्याचा एक मोठा भाग, म्हणजे दांपत्याचा परस्परसहवास, शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं पांढरपेशा घरांत जवळ जवळ नव्हताच. दिवस घराचा असे. पुरुष ओसरीवर, बायका माजघरांत व स्वयंपाकघरांत. पंगत आधीं पुरुषांची, मागाहून बायकांची. वडील माणसांदेखत नवऱ्याशीं बोलणें हा अविनय. त्याचें नांव घ्यावयाचें तें उखाण्यांत, सणासुदीस. उरली ती रात्र, आणि तीही घरचीं सगळीं निजल्यावर. शेतकऱ्याघरीं स्थिति निराळी होती हें विसरतां कामा नये. उंब्रजच्या मळ्यांत मोट नवऱ्यानें धरावी आणि दारें बायकोनें मोडावीं, हा जोडीचा दिवस कोणा सुधारकानें शिकविलेला नव्हता. फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करणाऱ्या माळ्याच्या घरांत जोतीरावांसारखा नवरा निघाला आणि त्यानें बायकोच्या हातीं पाटी दिली, याचें थोडें कारण या जोडीच्या श्रमांतही असावें असें आम्हांस वाटतें.

जोतीराव व सावित्रीबाई यांच्या वयांत अंतर अवघें चार वर्षांचें. लग्न १८४० सालीं झालें. पुण्यांतील भिडेवाड्यांत मुलींची शाळा निघाली ती १८४८ सालीं, जोतीराव एकवीस वर्षांचे आणि सावित्रीबाई सतराच्या असतां. पुढल्याच वर्षीं या कामापायीं दोघांस वडिलांचें घर सोडावें लागलें. सावित्रीबाईंनीं जोतीरावांस लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. त्यांत संसारी कुरकुर जवळ जवळ नाहीं; गांवांतले तंटे, दुष्काळ, लोकांचे समज, यांची बातमी बरोबरीच्या सहकाऱ्यास द्यावी तशी दिलेली आहे. ज्या काळीं बायको नवऱ्यास पत्र लिहीतच नसे त्या काळीं हा प्रकार केवढा नवा! पण फुल्यांच्या घरगुती दिवसाची हकीकत दोघांपैकीं कोणीं लिहून ठेवली नाहीं. ती हकीकत सविस्तर हवी असेल तर देवराष्ट्र्याच्या लेकीकडे गेलें पाहिजे.

रमाबाईंचें 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' हें पुस्तक १९१० सालीं, न्यायमूर्तींच्या निधनानंतर नऊ वर्षांनीं निघालें. मराठींत दांपत्यजीवनाचें इतकें बारीक आणि इतकें निर्मळ चित्र दुसरें क्वचित् सांपडेल. कुर्लेकरांची ही मुलगी, माहेरचें नांव यमुना, १८७३ च्या डिसेंबरांत माधवराव रानडे यांस दिली गेली. मुलगी अकरा वर्षांची, वर एकतीस वर्षांचे. पहिली पत्नी वारल्यास पुरते तीन महिनेही झाले नव्हते. विधवाविवाहाच्या पक्षाचा हा पुढारी स्वतःवर प्रसंग येतांच कुमारिकेशीं विवाह करतो, याबद्दल त्या वेळीं टीका झाली, आणि ती गैरवाजवी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. वडिलांचें मन मोडवेना म्हणून हें घडलें, एवढेंच त्यावर सांगतां येतें.

पुण्यास येतांच धडे सुरू झाले. मुळाक्षरांपासून आरंभ, मग मराठी पुस्तकें, फीमेल ट्रेनिंग कॉलेजांतील शिक्षिकेची शिकवणी, पुढें इंग्रजी. अभ्यासाची वेळ रात्रीची, माडीवर; आणि पहांटे माधवराव जागे होऊन तुकोबाचे अभंग म्हणत, तेव्हां ही मुलगी ते ऐकत असे. खालीं माजघरांत सासू, आतेसासू वगैरे सात-आठ बायका. त्यांनीं या शिक्षणास केलेला विरोध रमाबाईंनीं विस्तारानें सांगितला आहे: टोमणे, अबोला, कामांत वगळणें. चरित्रकारांनीं या बायकांस बहुधा अडाणी व दुष्ट ठरवून प्रकरण मिटविलें. आम्हांस तें इतकें सोपें दिसत नाहीं. त्या घरांत माधवरावांची विधवा बहीण दुर्गा होती. भाऊ विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, आणि बहिणीचा पुनर्विवाह मात्र वडिलांच्या भीतीनें राहिलेला. माडीवरच्या दिव्याचा उजेड जिच्या अंथरुणावरून दिसत होता तिला त्या दिव्याचा राग आला असेल, तर त्यांत नवल कोणतें? ज्या सुखास एक बाई नव्यानें पात्र होत होती तें सुख दुसरीस आतां कधींच मिळावयाचें नव्हतें. रमाबाईंच्या लिहिण्यांतही या बायकांविषयीं कडवटपणा कमी आणि शीण अधिक आहे.

माधवरावांचा उपदेश एकच असे: उलट उत्तर करूं नये, सोसावें, अभ्यास सोडूं नये. हा उपदेश थोर खरा. पण सोसावयाचें होतें तें मुलीनें, कोर्टांत दिवस घालविणाऱ्या नवऱ्यानें नव्हे. आंब्याची एक प्रसिद्ध आठवण या पुस्तकांत आहे. उत्कृष्ट आंबा चिरून समोर ठेवला असतां माधवरावांनीं एक-दोनच फोडी खाल्ल्या आणि जिभेवर ताबा असावा म्हणून बाकीच्या नाकारल्या. वाचणारा त्यांच्या संयमाची वाहवा करतो. आमचें लक्ष ज्या बाईनें तो आंबा हौसेनें चिरून आणला तिच्याकडे गेल्यावांचून राहत नाहीं. गुरु आणि मित्र यांत हाच भेद आहे. गुरूपुढें ठेवलेल्या फोडींचाही धडा होतो. रानड्यांच्या संसारांत स्नेह अपार होता. तरी पहिलीं पुष्कळ वर्षें तो गुरुशिष्यांचा स्नेह होता, आणि रमाबाई त्यास सौभाग्य समजत.

या नात्यांत मोकळेपणा आला तो बदल्यांमुळें. मोठ्या एकत्र कुटुंबांतून तरुण जोडप्यास बाहेर काढण्याचें काम सुधारकांच्या व्याख्यानांपेक्षां सरकारी बदलीच्या हुकुमानें अधिक केलें, असें आम्हांस स्वच्छ दिसतें. १८७८ सालीं माधवराव नाशकास गेले. तेथें लोकहितवादी गोपाळराव हरि देशमुख न्यायाधीश होते. दोन्ही घरांचा घरोबा जडला, आणि हळदीकुंकवाच्या निमित्तानें बाहेरच्या बायका जमवून त्यांच्याशीं बोलण्याची संवय रमाबाईंस तेथें लागली. पुढल्या वर्षीं वासुदेव बळवंतांचें बंड झालें, पुण्यांत वाडे जळाले, आणि सरकारचा संशय थेट रानड्यांपर्यंत पोहोंचून त्यांची बदली धुळ्यास झाली. त्यांच्या टपालावर नजर ठेवली जाई. बाहेर असा पहारा, आणि घरांत दोघेंच. संकटाच्या त्या दिवसांत रमाबाई प्रथम बरोबरीच्या झाल्या असाव्यात. पुढें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखालीं पुणें, नगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांतील कोर्टें तपासीत माधवराव फिरूं लागले, तेव्हां रमाबाईही मुक्कामोमुक्काम बरोबर असत. गांवोगांवच्या मुलींच्या शाळा पाहत. माहेरच्या जिल्ह्यांतून लग्न होऊन निघालेली मुलगी त्याच जिल्ह्यांत अशी परतली.

पुण्यास १८८२ सालीं पंडिता रमाबाई आल्या, आर्य महिला समाज निघाला, आणि दोघी रमाबाई मिस हरफर्ड यांजकडे इंग्रजी शिकूं लागल्या. अशी मिळालेली मैत्रीण ही रमाबाईंच्या संसारांतील खरी नवलाची वस्तु म्हणावी लागेल.

आष्ट्याच्या काशीबाईंची गोष्ट याहून वेगळी, आणि आम्हांस अधिक जवळची वाटते. बापटांच्या सुखवस्तु घरांतील ही मुलगी नवव्या वर्षीं गोविंद वासुदेव कानिटकर यांस दिली. गोविंदराव तिच्याहून सात वर्षांनीं मोठे, कवि, भाषांतरकार, पुढें न्यायखात्यांत अधिकारी. त्यांना शिकलेली बायको हवी होती. तशी ती नव्हती. मग तिनें स्वतःच्या खटपटीनें, घरच्यांच्या चोरून, वाचावयास आरंभ केला. रमाबाईंनीं आज्ञा म्हणून पाटी उचलली, काशीबाईंनीं ईर्ष्या म्हणून. त्यामुळेंच की काय, काशीबाई लवकर स्वतः लिहूं लागल्या.

कानिटकरांच्या घरास वाङ्मयाचा छंद होता; नुसता वाचनाचा नव्हे, मैफलीचा. या घरीं येणाऱ्यांत मुख्य हरि नारायण आपटे. हरिभाऊ काशीबाईंहून तीन वर्षांनीं लहान. त्यांचा स्नेह दोघांशींही होता, आणि तो नवऱ्याच्या नकळत किंवा केवळ नवऱ्यामार्फत नव्हता. ते काशीबाईंस पत्रें लिहीत, त्यांत पुस्तकांची चर्चा, लिहिलेल्याची दुरुस्ती, थट्टा, रुसवा. परक्या पुरुषानें मित्राच्या पत्नीस असें मोकळें लिहावें आणि नवऱ्यानें त्यांत सुख मानावें, हें त्या काळच्या पुण्यांत दुर्मिळ होतें. 'मनोरंजन आणि निबंधचंद्रिका' हें मासिक याच मंडळांतलें. काशीबाईंची 'रंगराव' कादंबरी त्यांत येऊं लागली. पुस्तकरूपानें ती १९०३ सालीं निघाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्रही त्यांनींच लिहिलें. या दोघी मैत्रिणी पायांत बूट घालून व हातांत छत्री घेऊन रस्त्यानें निघाल्या तेव्हां लोकांनीं दगड मारले, असें सांगतात. छत्री ही ऊन-पावसाची वस्तु नसून अधिकाराची खूण होती, हें यावरून कळतें.

हरिभाऊंची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांत १८९० पासून येऊं लागली. तींतील यमू आणि रघुनाथराव यांचें मुंबईंतील बिऱ्हाड, तेथें जमणारे मित्र व त्यांच्या बायका, ती वाचनाची व बोलण्याची गोडी, हें सर्व हरिभाऊंनीं हवेंतून काढलेलें नाहीं. अशीं घरें त्यांनीं पाहिलीं होतीं. आणि तें सुख कोणत्या धाग्यास लोंबत होतें हेंही त्यांनीं पाहिलें होतें: रघुनाथराव जातो, आणि वाचणारी, हंसणारी यमू पुनः जुन्या घराच्या हवालीं होते, तिचें केशवपन होतें. दांपत्याचा सहवास नवा झाला होता, बायकोचा हक्क नवा झाला नव्हता. नवरा असेपर्यंतच ती माडी, तो दिवा आणि तीं पुस्तकें.

रमाबाईंनीं हा धागा तुटल्यावरही उभें राहून दाखविलें. १९०१ च्या जानेवारींत माधवराव गेले, तेव्हां त्या अडतीस वर्षांच्या होत्या. कांहीं काळ त्या घराबाहेर पडल्या नाहींत. मग १९०८ सालीं मुंबईस व १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें, आणि १९२४ पर्यंत त्यांचा दिवस तेथें गेला. पण 'आठवणीं'त सेवासदन नाहीं. तींत आहे तें केवळ दोघांचें घर.

काशीबाई सर्वांत मागें राहिल्या. गोविंदराव १९१८ सालीं वारले, हरिभाऊ पुढल्या वर्षीं. त्यांनीं जपून ठेवलेलीं हरिभाऊंचीं पत्रें १९२९ सालीं छापून निघालीं. त्यांचें स्वतःचें आत्मचरित्र मात्र अपुरें राहिलें, आणि तें सरोजिनी वैद्य यांनीं संपादून पुढें आणलें तें पुष्कळ मागाहून. १९४८ च्या जानेवारींत, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षीं, त्या गेल्या. त्यांचें आष्टें तेव्हांही सातारा जिल्ह्यांतच होतें.