माहितीपत्रक

शाळेच्या इमारत निधीचे माहितीपत्रक छापून घेण्याचे काम सरांनी माझ्यावर सोपवले, तेव्हा मी नुकताच कॉलेजात गेलो होतो. काळ खिळ्यांच्या छपाईचा. जुळारी एकेक खिळा उचलून मजकूर जुळवीत; प्रुफे तपासून झाली की फर्मा मशीनवर चढे.

प्रुफे पाहता पाहता सर जुन्या छपाईविषयी सांगत. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत. तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरले, असे सांगतात. पुढे १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि सुबक टाइप व शुद्ध छपाई यांवर नाव मिळवले. "छापील कागदावरचा विश्वास असा कमवावा लागला," सर म्हणत.

मी मात्र तो घालवला. आठ पानांत मजकूर बसेना, म्हणून सरांना न विचारता लहान रकमांची नावे काढून 'इतर देणगीदार' एवढीच ओळ ठेवली. त्यांत आमच्या शिपाईमामांचे नाव होते. मामांनी पत्रक दोनदा उलटून पाहिले आणि घडी घालून मला परत दिले. तोवर फर्मा सुटून खिळे केसेत परत गेले होते. सरांनी नावांची वेगळी चिठ्ठी छापून घेतली. ती प्रत्येक प्रतीत खळीने चिकटवण्याचे काम माझे.

या स्मरणिकेतील देणगीदारांची यादी माझ्याकडेच होती. सगळी नावे एकाच मापाच्या अक्षरांत घेतली आहेत. दोन पाने वाढली, वाढू दिली.