वाळूचा ब्रास आणि काट्यावरचे टन

महाराष्ट्रात बांधकामाची वाळू ब्रासने विकली जाते. वजनकाट्याची पावती मात्र टनांत मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. ब्रास हे आकारमानाचे माप, तर टन वस्तुमानाचे. दोहोंना जोडणारा दुवा घनतेचा. वस्तुमानाला घनतेने भागले की आकारमान मिळते, हे शाळेतील सूत्र येथे थेट खिशाशी येऊन भिडते.

भागाकार सोपा आहे. कोणत्या घनतेने भागायचे, हा खरा प्रश्न. वाळूच्या कणाची स्वतःची घनता घनमीटरला सुमारे २,६५० किलो असते. ढिगात मात्र कणांमध्ये पोकळी राहते. त्यामुळे सुट्या, कोरड्या वाळूचा घनमीटर सुमारे १,६०० किलोच भरतो. नऊ टन वाळूला १,६०० ने भागल्यास ५.६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ दोन ब्रास येतात. २,६५० ने भागल्यास सव्वा ब्रासही होत नाही. व्यवहारात अर्थातच ढिगाची घनता धरावी लागते.

त्याहून मोठी मेख ओलाव्यात आहे. दमट वाळूत कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि पृष्ठताणामुळे कण एकमेकांलगत नीट बसत नाहीत. पाच टक्के ओलाव्याने वाळू २० ते ३० टक्के फुगू शकते. बारीक वाळू अधिकच. २५ टक्के फुगलेली वाळू दोन ब्रास मोजून घेतली, तर कोरडी वाळू १.६ ब्रासच पदरात पडते. तीच काट्यावर घेतल्यास तोटा पाच टक्क्यांच्या आसपास राहतो. दमट मालासाठी काटाच बरा.

नवल असे, की पूर्ण भिजलेली वाळू पुन्हा कोरडीइतकीच जागा व्यापते. फुगवटा याच गुणावरून तपासता येतो. सरळ बाजूंच्या डब्यात दमट वाळू २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावी. ती काढून डबा अर्धा पाण्याने भरावा, तीच वाळू त्यात सोडून ढवळावी. थर १६ सेंटिमीटरवर स्थिरावला, तर फुगवटा २५ टक्के.

काँक्रीट कालवतानाही हा हिशेब सुटत नाही. सिमेंटची घनता घनमीटरला १,४४० किलो धरली, तर ५० किलोची गोणी सुमारे ३५ लिटर भरते. एकास दोन, चार या प्रमाणात तिला ७० लिटर कोरडी वाळू लागते. वरील दमट वाळू घेतल्यास ८७.५ लिटर. घमेली तेवढीच ठेवली, तर वाळू कमी पडून प्रमाण बिघडते. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात वजनानेच माप घेण्यावर भर आहे, आकारमानाने घ्यावेच लागले, तर फुगवट्याची दुरुस्ती करावी, असे त्यात नमूद आहे.