स्मृती-पट्टरुंदी, संगणकाची
संगणकाच्या मुख्य स्मृतीतून प्रक्रियकाकडे व उलट दिशेने दर सेकंदास जास्तीत जास्त जेवढी माहिती वाहून नेता येते, त्या प्रमाणास स्मृती-पट्टरुंदी म्हणतात. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत (स्थापना १८८६) गाळे वाढविले, पण माल येण्याचे रस्ते तेवढेच राहिले, तर विक्री वाढत नाही. गणनवेग व माहितीचा पुरवठा यांचा संबंध असाच आहे.

पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना १९८८ मध्ये झाली व विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा समांतर संगणक सिद्ध झाला. त्यातील प्रत्येक ट्रान्सप्यूटरला स्वतःची स्मृती होती. त्यामुळे प्रक्रियक वाढले की एकूण पट्टरुंदीही वाढे. मात्र परस्परांतील दळणवळणाचा भार आज्ञावलीकाराला सांभाळावा लागे.

याच सुमारास अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात जॉन मॅकॅल्पिन यांनी ‘स्ट्रीम’ ही मापन-आज्ञावली रचली. सागरी प्रवाहांच्या गणितांत प्रक्रियकाचा वेग नव्हे, तर स्मृतीचा पुरवठा अपुरा पडतो, हे तिच्या निर्मितीमागील कारण होते. शीघ्रस्मृतीत न मावणाऱ्या मोठ्या संख्या-सारण्यांवर नक्कल, गुणन, बेरीज आणि गुणन-बेरीज अशा चार क्रिया करून ती प्रत्यक्ष पट्टरुंदी मोजते. स्मृतीचे पुनर्भरण आणि वाचन-लेखन यांतील अदलाबदल यांत वेळ जात असल्याने हे मूल्य निर्मात्याने दिलेल्या सैद्धांतिक मूल्यापेक्षा कमी येते.

मोजलेल्या आकड्याचा अर्थही नीट लावावा लागतो. एका संख्येची नक्कल करताना ८ बाइट वाचन व ८ बाइट लेखन असे १६ बाइट हिशेबात धरले जातात. परंतु अनेक प्रक्रियक लिहिण्यापूर्वी ती जागा आधी वाचतात, म्हणून प्रत्यक्ष वाहतूक २४ बाइट होते. ही गोष्ट न जाणणाऱ्यास एक तृतीयांश क्षमता पडून आहे असे वाटते व नसलेला दोष शोधण्यात श्रम वाया जातात.

पुण्यातील संगणकीय संशोधन प्रयोगशाळेचा ‘एका’ हा संगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा ठरला. त्याचा मोजलेला वेग सेकंदास सुमारे ११८ लक्ष कोटी गणनक्रिया होता. हे मापन ज्या लिनपॅक चाचणीने होते, तिच्यात एकदा आणलेली माहिती अनेकदा वापरली जाते. हवामानाच्या आज्ञावलींत असा पुनर्वापर कमी असतो. म्हणून आज्ञावली मंद का आहे हे ठरविताना तिची वाहतूक त्याच यंत्रावर मोजलेल्या पट्टरुंदीशी ताडून पाहणे आवश्यक असते. ती मर्यादा गाठलेली असल्यास अधिक वेगवान प्रक्रियक घेऊन लाभ होत नाही; माहितीची ने-आण कमी करणे हाच उपाय उरतो.