याच वेळी, याच चॅनलवर... सेहेचाळीस वर्षांनी

काही प्रश्न दिसायला पोरकट असतात, पण उत्तर शोधायला बसलं की शनिवार-रविवार कुठे गेला ते कळत नाही. उदाहरणार्थ हा : बॅटमॅनची जुनी टीव्ही मालिका व्हिडिओवर यायला एवढी वर्षं का लागली?

जुनी म्हणजे १९६६ ची. ॲडम वेस्ट बॅटमॅन, बर्ट वॉर्ड रॉबिन, आणि मारामारी सुरू झाली की पडद्यावर 'पॉव!', 'झॅप!' अशी रंगीबेरंगी अक्षरं. नोलनचे सिनेमे बघून मोठे झालेल्यांना ती बघताना हसू येतं. यायलाच हवं, कारण ती तशीच बेतलेली होती. पोरांना साहसकथा वाटावी आणि त्यांच्या आईबापांना विनोद. निर्माता विल्यम डोझियर आणि लेखक लोरेन्झो सेंपल ज्युनियर यांनी हे अगदी ठरवून केलं होतं. वेस्ट तर जगातला सगळ्यात हास्यास्पद संवादही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणायचा. त्यातच सगळी गंमत.

१२ जानेवारी १९६६ ला अमेरिकेत एबीसी चॅनलवर पहिला भाग लागला. पहिले दोन सीझन आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि गुरुवारी. बुधवारी बॅटमॅन कुठल्यातरी भन्नाट सापळ्यात अडकायचा आणि निवेदक (म्हणजे स्वतः डोझियर, बरं का!) सांगायचा की उद्या याच वेळी, याच चॅनलवर या. चोवीस तासांची वाट. त्या चोवीस तासांनी अख्ख्या अमेरिकेतली पोरं वेडी केली होती. १४ मार्च १९६८ ला मालिका संपली तेव्हा तीन सीझनमध्ये मिळून १२० भाग झाले होते.

आणि हे १२० भाग अधिकृतपणे घरी नेता येतील अशा पेटीत कधी आले? ११ नोव्हेंबर २०१४. सेहेचाळीस वर्षं आणि वर आठ महिने!

आता कोणी म्हणेल, त्यात काय विशेष? जुन्या मालिका मिळत नाहीतच. रिळं हरवतात, टेपवर दुसरंच काही रेकॉर्ड होतं, गोदामं जळतात. पण इथे तसलं काही झालं नव्हतं. मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट केलेली होती आणि फिल्म शाबूत होती. मागणी तर विचारूच नका. पुनःप्रसारण वर्षानुवर्षं चालू होतं. म्हणजे माल आहे, गिऱ्हाईक आहे, दुकानही आहे, तरी विक्री नाही. मला या गोष्टीत रस वाटला तो इथे.

कारण शोधायला १९६५-६६ च्या करारांकडे जावं लागतं. त्या काळी टीव्ही मालिकेचं आयुष्य कसं असायचं बघा. आधी ती नेटवर्कवर दाखवायची. शंभरएक भाग साठले की गावोगावच्या स्टेशनांना पुनःप्रसारणासाठी विकायची. बस. प्रेक्षक मालिका 'बघतो'. ती विकत घेऊन फळीवर ठेवण्याची कल्पनाच नव्हती. सोनीचं बेटामॅक्स १९७५ मध्ये आलं, व्हीएचएस त्याच्या पुढच्या वर्षी. घरी टीव्हीवरचा कार्यक्रम टेप करणं कायदेशीर आहे की नाही, याचा अमेरिकेतला निकाल लागायला १९८४ उजाडलं, तोही सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या मतांनी. मग १९६५ मध्ये करार लिहिणाऱ्या वकिलाने 'घरगुती व्हिडिओचे हक्क कोणाचे' हा मुद्दा घालावा तरी कसा? त्याच्या जगात ती वस्तूच नव्हती.

आता पात्रपरिचय. मालिका बनवली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने, डोझियरच्या ग्रीनवे प्रॉडक्शन्सबरोबर. बॅटमॅन, रॉबिन, जोकर, पेंग्विन ही पात्रं मात्र डीसी कॉमिक्सची (तेव्हाचं नाव नॅशनल पीरिऑडिकल). मालिका सुरू झाली तेव्हा यात काही अडचण नव्हती. कॉमिक्सवाल्यांनी पात्रं वापरायला दिली, स्टुडिओने मालिका काढली, दोघेही खूश. पण साठचं दशक संपता संपता किनी नावाच्या एका कंपनीने आधी डीसी घेतली आणि १९६९ मध्ये वॉर्नर ब्रदर्सही घेतली. झालं! पात्रं एका स्टुडिओच्या घरात आणि त्यांची फिल्म त्याच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या गोदामात.

आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस आणि दोन कुलपं. पहिलीने एक कुलूप धरून ठेवलंय आणि ती दुसऱ्याची वाट बघतेय. दुसरीने दुसरं धरलंय आणि ती पहिल्याची वाट बघतेय. कोणाच्याही कोडमध्ये बग नाही, दोघी आपापल्या जागी बरोबर, आणि सिस्टिम मात्र ठप्प. ज्यांना हे उदाहरण रुक्ष वाटतंय त्यांनी आपल्या गावाकडची जमीन आठवावी. सातबाऱ्यावर सतरा नावं. सगळे म्हणतात विकायला हवी, आणि सही करायला कोणी येत नाही.

बरं, नावं दोनच असती तरी बरं. या मालिकेत एक गंमत होती. बॅटमॅन आणि रॉबिन दोर टाकून इमारतीच्या भिंतीवरून चढायचे (कॅमेरा आडवा करून शूट केलेलं!) आणि मध्येच एखादी खिडकी उघडून कोणीतरी प्रसिद्ध माणूस डोकावायचा. जेरी लुईस, सॅमी डेव्हिस ज्युनियर वगैरे. एकदा तर 'होगन्स हीरोज' मधला कर्नल क्लिंक डोकावला. ते पात्र दुसऱ्याच मालिकेतलं, तेही प्रतिस्पर्धी सीबीएस चॅनलवरच्या! १९६७ मध्ये दोन भागांत ग्रीन हॉर्नेट आणि त्याचा साथीदार केटो आले. केटो म्हणजे आपला ब्रूस ली. ग्रीन हॉर्नेटची मालिका डोझियरचीच, पण पात्राचा मालक तिसराच. लेस्ली गोर ही गायिका कॅटवुमनची साथीदार म्हणून आली आणि गाऊन गेली. शीर्षक संगीत नील हेफ्टीचं, बॅटमोबिल जॉर्ज बॅरिसची. व्हिडिओला उशीर का होतोय याच्या बातम्या येत, त्यांत फॉक्स आणि वॉर्नरच्या तिढ्याबरोबर या पाहुण्यांच्या आणि संगीताच्या परवानग्यांचाही उल्लेख असायचा. चित्रीकरणाच्या दिवशी जी हौस होती, तिचा चाळीस वर्षांनी कागदपत्रांचा गठ्ठा झाला.

यातला सगळ्यात टोचणारा भाग म्हणजे १९६६ मध्येच याच मंडळींना घेऊन फॉक्सने एक सिनेमा काढला होता, तो मात्र व्हिडिओवर मिळायचा. २००१ मध्ये त्याची डीव्हीडीही आली. म्हणजे बॅटमॅनच्या पायाला लोंबकळणारा तो रबरी शार्क घरी आणता येत होता, पण १२० भागांपैकी एकही नाही. २००३ मध्ये वेस्ट आणि वॉर्ड यांनी स्वतःच्याच भूमिका करत जुन्या दिवसांवर एक टीव्ही चित्रपट केला. त्यातही जुनी दृश्यं दाखवायची वेळ आली तेव्हा ती त्या सिनेमातली वापरावी लागली. ज्या मालिकेच्या आठवणी सांगायच्या, तिचीच फिल्म दाखवायची सोय नाही!

दुसरा विनोद फॉक्सचा. मालिकेचा अख्खा सीझन एका पेटीत घालून विकायचा, ही पद्धत रुळवण्यात फॉक्सच्याच 'एक्स फाइल्स'च्या २००० सालच्या डीव्हीडी संचाचा मोठा वाटा. त्यानंतर सुगीच आली. लिंडा कार्टरची 'वंडर वुमन' २००४ मध्ये आली. पन्नासच्या दशकातला जॉर्ज रीव्ह्जचा 'सुपरमॅन' २००५ मध्ये आला. २००६ मध्ये 'हल्क' आला. सगळे आले, एक वटवाघूळ सोडून.

मग चाहते काय करत होते? पुनःप्रसारण टेप करत होते. त्या टेपांच्या कॉप्या, कॉप्यांच्या कॉप्या, आणि पुढे त्यांच्या घरगुती डीव्हीडी संमेलनांमधून हातोहात विकल्या जात. कोपऱ्यात चॅनलचा लोगो, रंग उडालेले. आणि मुख्य म्हणजे भाग अपुरे. मूळ भाग साधारण २५ मिनिटांचा. नंतरच्या काळात जाहिराती वाढल्या, तशी पुनःप्रसारणात त्याला कात्री लागायची. म्हणजे मालिका 'रोज लागते' असं म्हणताना जी लागत होती ती पूर्ण नव्हतीच. आपण पाहिलेला प्रसंग खरंच होता की आपल्या डोक्यातला, हे ताडून बघायला काही साधनच नाही. चाहते पेटीसाठी एवढे का हटून बसले होते, ते मला इथे समजलं. त्यांना आपल्या आठवणीचा पुरावा हवा होता.

आणि घड्याळ थांबत नव्हतं. डोझियर १९९१ मध्ये गेला. मिशी काढायला नकार देऊन तिच्यावरच पांढरा रंग फासणारा जोकर, सीझर रोमेरो, १९९४ मध्ये. पेंग्विन झालेला बर्जेस मेरेडिथ १९९७ मध्ये. रिडलर फ्रँक गोर्शिन २००५ मध्ये, म्हणजे डीव्हीडीचा बाजार अगदी भरात असताना. कॅटवुमन अर्था किट २००८ मध्ये. तेवढ्या वर्षांत किती प्रेक्षक गेले असतील, त्याची तर कुठे नोंदही नाही.

गाठ सुटली तीही चाहत्यांच्या विनवण्यांनी सुटली असं म्हणायचा मोह होतो, पण खेळणी आधी आली. २०१२ मध्ये वॉर्नर आणि फॉक्स यांच्यात या मालिकेच्या वस्तू विकण्याबद्दल करार झाला. २०१३ मध्ये ॲडम वेस्टच्या चेहऱ्याच्या बाहुल्या दुकानात आल्या आणि डीसीने 'बॅटमॅन ६६' नावाचं कॉमिकही सुरू केलं. त्याच जानेवारीत मूळ बॅटमोबिल लिलावात ४२ लाख डॉलरच्या बोलीला गेली होती. भांडण चालू ठेवण्यापेक्षा मिटवण्यात जास्त पैसा आहे, हा हिशोब दोन्हीकडे एकदमच जुळला असावा. जानेवारी २०१४ मध्ये कॉनन ओब्रायनने बातमी फोडली. जुलैमध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये वेस्ट, वॉर्ड आणि ज्युली न्यूमार मंचावर आले. नोव्हेंबरमध्ये पेटी आली. वॉर्नरने काढली, चित्र नव्याने स्वच्छ करून. इतकं स्वच्छ, की रोमेरोची रंगाखालची मिशी केस न् केस दिसते. :-)

वेस्ट तेव्हा ८६ वर्षांचा होता. २०१७ मध्ये तो गेला. बॅटगर्ल झालेली इव्हॉन क्रेग २०१५ मध्येच गेली. म्हणजे जेमतेम गाठलं म्हणायचं.

यातून धडा काय? 'करार नीट लिहा' हा आहेच. पण मला तेवढ्यावर थांबवत नाही, कारण पुढे दोन गोष्टी घडल्या. २०१९ मध्ये डिस्नीने फॉक्सचा मनोरंजनाचा धंदा घेतला. म्हणजे मार्वलच्या मालकाच्या कपाटात आता बॅटमॅनचा तो रबरी शार्कवाला सिनेमाही आहे. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्नरने जवळजवळ पूर्ण झालेला, सुमारे ९ कोटी डॉलर खर्च केलेला 'बॅटगर्ल' सिनेमा कायमचा गुंडाळून ठेवला. तिथे सातबारा अगदी कोरा होता. पात्रं वॉर्नरची, फिल्म वॉर्नरची, दाखवायचं दुकानही वॉर्नरचं. एका मालकाने हिशोब मांडला आणि दार लावलं.

म्हणजे मालक सतरा असले तरी वस्तू अडकते आणि एकच असला तरी. १९६६ च्या मालिकेचं नशीब एवढंच, की तिच्या बाजूने लोक होते. कंटाळा न करता टेप करणारे, कापलेली मिनिटं लक्षात ठेवणारे, दर वर्षी तोच प्रश्न विचारणारे. त्यांच्यामुळे करार झाला असं मी म्हणणार नाही. पण सेहेचाळीस वर्षांनी करार झाला तेव्हा पेटी घ्यायला दारात कोणीतरी उभं होतं, ते मात्र त्यांच्यामुळेच.

असो. तुमच्याकडे एखादी आवडती गोष्ट डिस्कवर असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी एकदा विचार करा. स्ट्रीमिंगवर आज दिसतेय ती उद्या दिसेलच, असं कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.