केमोथेरपी आणि पुरुषांची प्रजननक्षमता : एक संक्षिप्त इतिहास

बंगळुरूत 1973 मध्ये किडवाई कर्करोग संस्था सुरू झाली, तेव्हा हॉजकिन्स लिम्फोमा बरा करणारी ‘मॉप’ औषधयोजना जगभर रूढ होत होती. मात्र तिच्यातील प्रोकार्बाझिनसारखी औषधे शुक्राणू निर्माण करणाऱ्या मूळ पेशीही मारत. बरे झालेले बहुतेक तरुण वंध्य होत.

यावर दोन मार्ग निघाले. मिलानच्या बोनाडोना यांची ‘एबीव्हीडी’ योजना प्रजननक्षमतेला बरीच कमी घातक ठरली. दुसरा मार्ग वीर्य गोठवण्याचा. ग्लिसरॉलमुळे शुक्राणू गोठूनही जगतात, हे 1949 मध्ये कळले. 1953 मध्ये अशा मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाली. 1992 पासून एकच शुक्राणू थेट अंड्यात सोडता येऊ लागला, त्यामुळे अगदी थोडके शुक्राणूही उपयोगी पडू लागले.

परंतु नमुना पहिल्या डोसपूर्वीच साठवावा लागतो. अविवाहित तरुण संकोचाने विचारत नाही. म्हणून तो विषय डॉक्टरांनीच आधी काढायला हवा.