गळ्याची गाठ आणि वाशीची कुपी

वाशीच्या सेक्टर २०मधल्या एका संकुलातून शिशाच्या जाड डब्यांत बंद केलेल्या छोट्या कुप्या आणि कॅप्सूल देशभरच्या रुग्णालयांत जातात. त्यांत किरणोत्सारी आयोडीन असते. हे संकुल ‘बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी’चे, म्हणजे ‘ब्रिट’चे. अणुऊर्जा खात्याची ही संस्था १९८९ साली स्थापन झाली. वाशी म्हटले की लोकांना मसाल्याचा आणि कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार आठवतो. पण वाढलेल्या थायरॉइडचे, म्हणजे गलगंडाचे, निदान भारतात कसे होत गेले याचा इतिहास लिहायचा, तर वाशीला त्यात मानाचे पान द्यावे लागेल.

निदानाची खटपट मात्र फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वात, कफ आणि मेद असे तीन प्रकार सांगितले आहेत. दुखणे वर्षापेक्षा जुने झाले आहे, श्वास कष्टाने चालतो, अन्नावरची वासना उडाली आहे, आवाज फाटला आहे, अशा रोग्याला वैद्याने हाती घेऊ नये, असेही तिथे बजावले आहे. श्वास आणि आवाज यांची चौकशी आजचा सर्जनही आधी करतो. गाठ श्वासनलिकेवर दाबते आहे का, स्वरयंत्राच्या नसेपर्यंत पोचली आहे का, हे त्यावरून कळते. कोणतेही यंत्र हाताशी नसताना टिपलेली ही लक्षणे आहेत, आणि त्या नजरेला दाद द्यायलाच हवी.

हाताने तपासायची रीत आजही तीच आहे. डॉक्टर रोग्याच्या मागे उभे राहतात, दोन्ही हातांची बोटे गळ्याच्या खालच्या भागावर ठेवतात आणि घोटभर पाणी प्यायला सांगतात. थायरॉइड श्वासनलिकेला बिलगलेली असल्याने गिळताना ती वर सरकते. सोबत गाठही सरकली, तर ती बहुधा थायरॉइडचीच. किती वाढली म्हणजे गलगंड म्हणायचे, याचे माप १९६० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकाशनात दिले गेले. ग्रंथीची बाजू त्या माणसाच्याच अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा मोठी लागली, की गलगंड. शाळकरी पोर असो वा म्हातारा, ज्याचे माप त्याच्याच हातावर! देशातली गलगंडाची सर्वेक्षणे झाली ती अशाच हाताच्या तपासणीने, आणि हिमालयाच्या पट्ट्याबाहेरही गलगंड आहे हे उघड झाले. त्यात महाराष्ट्रातल्या तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याचे नाव होते.

बोटांना आकार कळतो, ग्रंथीचे काम कळत नाही. ती जास्त संप्रेरक तयार करते आहे की कमी, हे सांगायला दुसरा साक्षीदार हवा होता. थायरॉइड रक्तातले आयोडीन ओढून घेते, मग तेच आयोडीन किरणोत्सारी करून दिले तर? १९३८ साली अमेरिकेत सशांवर हा प्रयोग झाला आणि पुढे तो माणसांपर्यंत आला. अडचण वेळेची होती. या कामी येणारे किरणोत्सारी आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. साठवून ठेवता न येणारी ही वस्तू दरवेळी परदेशातून मागवत बसण्यात अर्थ नव्हता. देशाला स्वतःची अणुभट्टी हवीच होती.

ती वाशीच्या खाडीपलीकडे तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला उभी राहिली. ऑगस्ट १९५६मध्ये ‘अप्सरा’ आणि १९६०मध्ये तिच्याहून कितीतरी शक्तिशाली ‘सायरस’. टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा केला की त्यातून आयोडीन-१३१ मिळते. १९६३ साली परळला टाटा रुग्णालयाच्या अ‍ॅनेक्स इमारतीत रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि ट्रॉम्बेचे आयोडीन रोग्याच्या ओठापर्यंत पोचायची वाट तयार झाली. रोग्याने उपाशीपोटी यायचे, अगदी अल्प मात्रा घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. मग गळ्यासमोर मापकयंत्र धरून किती टक्के आयोडीन ग्रंथीत मुरले ते मोजायचे. स्कॅनवर भरपूर आयोडीन घेणारी गाठ ‘हॉट’, न घेणारी ‘कोल्ड’. कोल्ड म्हणजे कॅन्सर, असा धसका पुष्कळांनी घेतला आणि अजूनही घेतात. खरे तर बहुतेक कोल्ड गाठी कॅन्सरच्या नसतात.

पुढची पायरी रक्ताची. रोझलिन यॅलो यांना ज्या रेडिओइम्युनोअ‍ॅसेसाठी १९७७चे नोबेल मिळाले, त्या पद्धतीने रक्तातले अत्यल्प संप्रेरकही मोजता येऊ लागले. यात किरणोत्सार फक्त परीक्षानळीत राहतो, रोग्याच्या अंगात काहीच जात नाही. टी-३ व टी-४ ही थायरॉइडची संप्रेरके आणि तिला चालना देणारे टीएसएच मोजण्याचे असे संच ‘ब्रिट’ने देशातल्या प्रयोगशाळांना पुरवले.

दरम्यान गलगंडाचे मुख्य कारण असलेल्या आयोडीनच्या कमतरतेवरही उपाय सुरू झाले. उरण-पनवेलच्या मिठागरांजवळ राहणाऱ्यांनाही वाटे की समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीन आलेच. साध्या समुद्री मिठात ते नगण्य असते. किनाऱ्यावर आयोडीन मिळते ते मुख्यतः मासळीतून. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकण्यावरची बंदी २००० साली उठली आणि २००६मध्ये पुन्हा लागू झाली. सहा वर्षांची ही धरसोड टाळायला हवी होती.

आता नवी मुंबईत गळा सुजलेला रोगी आला, तर आधी टीएसएच, मग सोनोग्राफी. आयोडीनचा किंवा टेक्निशियमचा स्कॅन मुख्यतः टीएसएच कमी असेल तेव्हाच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना किरणोत्सारी आयोडीन देत नाहीत. गाठ संशयास्पद दिसली, तर बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात कॅन्सर निघालाच, तर टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ खारघरलाच आहे.