दंतमुकुट व दंतसेतू

दंतमुकुट व दंतसेतू : मोडलेल्या, किडलेल्या किंवा रूट कॅनल झालेल्या दातावर घट्ट चिकटवलेले पूर्ण आवरण म्हणजे दंतमुकुट. पडलेल्या दाताची जागा शेजारच्या दातांच्या आधाराने भरून काढणारी पक्की जोडणी म्हणजे दंतसेतू. दवाखान्यात मात्र ‘कॅप’ बसते आणि ‘ब्रिज’ होतो. रात्री काढून पाण्यात ठेवायची ती कवळी. कॅप आणि ब्रिज रुग्णाला स्वतःला काढता येत नाहीत.

मध्य इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत ख्रिस्तपूर्व सातव्या शतकापासूनचे ब्रिजसारखे काम सापडले आहे. सोन्याची पातळ पट्टी शेजारच्या दातांभोवती वळवायची आणि मधल्या कड्यात पर्यायी दात खिळ्याने पक्का करायचा, अशी त्याची रचना. रोममध्ये ख्रिस्तपूर्व 450 च्या सुमारास झालेल्या ‘बारा पट्टिका’ या कायद्याने मृतासोबत सोने देण्यास मनाई केली होती. पण सोन्याने बांधलेल्या दातांना त्यातून सूट होती. फ्रान्सच्या प्येर फोशार याने 1728 मधील आपल्या ग्रंथात दाताच्या मुळात खुंटी रोवून त्यावर दात बसवण्याची रीत वर्णन केली. नेमक्या मापाची धातूची कॅप आवाक्यात आली ती 1907 नंतर. त्या वर्षी अमेरिकेच्या विल्यम टॅगर्टने मेणाचा नमुना जाळून त्या पोकळीत सोने ओतण्याची कृती दंतवैद्यांपुढे मांडली. मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांना ती हजारो वर्षे ठाऊक होती.

पोर्सेलीनचा मुकुट त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, डेट्रॉइटच्या चार्ल्स लँडने घडवला होता. दिसायला देखणा, पण ठिसूळ. 1962 मध्ये अमेरिकेत वाइनस्टाइन यांच्या नावे पेटंट झालेल्या पद्धतीने यावर तोड निघाली : आत धातू, वर पोर्सेलीन. तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच प्रसरण पावतील असे पोर्सेलीन तयार केल्यामुळे भट्टीतून निघून थंड होताना थर तडकत नाही. काही वर्षांनी हिरडी मागे सरकली की अशा कॅपच्या कडेला करडी रेघ दिसू लागते, ही तिची ओळखीची उणीव. आता चलती आहे ती झिरकोनिया या सिरॅमिकची. खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून यंत्र कॅप कोरते, तीही मुद्दाम 20 ते 25 टक्के मोठी. मग सुमारे 1,500 अंश सेल्सिअसला भाजताना ती आक्रसून मापात येते.

कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासावा लागतो, आणि घासलेले इनॅमल पुन्हा येत नाही. चावण्याच्या पृष्ठभागावरून धातू-पोर्सेलीनच्या कॅपसाठी साधारण 1.5 ते 2 मिलिमीटर जागा करतात. भिंती वरच्या बाजूला किंचित निमुळत्या ठेवतात. उतार जास्त झाला तर कॅप सुटते, अजिबात नसला तर खाली बसत नाही. रूट कॅनलनंतर वरचा दात फारसा उरला नसेल तर मुळात पोस्ट (खुंटी) घालून त्यावर गाभा उभारतात. तरीही हिरडीच्या वर चहूबाजूंनी 1.5 ते 2 मिलिमीटर मूळ दाताची भिंत हवी, नाहीतर पोस्ट सुटते किंवा मूळच उभे चिरते. सिलिकॉनच्या रबरी मसाल्याने किंवा स्कॅनरने माप घेतात आणि लॅबमधून काम येईपर्यंत तात्पुरती ॲक्रिलिकची कॅप लावून देतात. बसवताना रंगीत कागद चावायला लावतात आणि ठसा गडद उमटेल तिथे घासतात. उंच राहिलेली कॅप प्रत्येक घासाला टोचत राहते.

ब्रिजचा हिशेब वेगळा. उदाहरणादाखल खालची पहिली कायमची दाढ घ्या. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे उगवते. घरच्यांना तीही दुधाचीच वाटते आणि कीड दुर्लक्षित राहते. काढावी लागली तर मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलते, वरची दाढ खाली उतरू लागते. ब्रिजसाठी पुढची उपदाढ आणि मागची दाढ, दोन्ही घासून त्यांवर कॅप चढवतात आणि मधला खोटा दात त्यांना जोडलेला असतो. टोरांटोच्या अँटे यांनी 1926 मध्ये ठोकताळा दिला : आधाराच्या दातांच्या मुळांचे एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतके तरी असावे. शिवाय लांबीच्या घनाच्या प्रमाणात ब्रिज वाकतो. एका दाताऐवजी दोन दातांची पोकळी भरायची म्हटली की वाक आठपट, तीनला सत्तावीसपट. म्हणूनच लांबलचक ब्रिजचा आग्रह धरणाऱ्या रुग्णाला शहाणा दंतवैद्य नकार देतो.

‘धातूची की झिरकोनियाची?’ हा प्रश्न सगळे विचारतात. कॅपची कड दाताशी किती बेमालूम मिळते, हे क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक कामाचे आयुष्य बरेचसे तिथेच ठरते. कड आणि दात यांच्यात सुमारे 120 मायक्रॉनपर्यंतची फट, म्हणजे जाडसर केसाएवढी, चालवून घेतात. त्याहून मोठी असेल तर कॅप चिकटवणारे सिमेंट झिजते, जंतू आत शिरतात. कॅपला कीड लागत नाही, तिच्याखालच्या दाताला लागते, आणि रूट कॅनल झालेला दात दुखत नसल्याने ते कळतही नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दहा वर्षांनी दहापैकी सुमारे नऊ ब्रिज जागेवर आढळतात. गमावलेल्यांत कीड हे एक प्रमुख कारण. खोट्या दाताखाली साधा ब्रश पोहोचत नाही, तिथे बारीक ब्रश किंवा कडक टोकाचा फ्लॉस ओवावा लागतो.

शेजारचे दात निरोगी असतील तर ते घासणे आता अनेकांना पटत नाही. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णावर वापरलेला, जबड्याच्या हाडात रोवायचा टायटॅनियमचा इम्प्लांट हा त्यावरचा पर्याय. मात्र त्याला पुरेसे हाड लागते आणि खर्चही जास्त. पुढच्या एखाद्या दातासाठी मागून पंखांसारख्या पातळ पट्ट्यांनी शेजारच्या दातांना चिकटवलेला ‘मेरीलँड ब्रिज’ही चालतो.

भारतात कायद्यानुसार हे काम नोंदणीकृत दंतवैद्याचे आहे. तरी बाजारात, स्टेशनबाहेर पथारी मांडून ‘फिक्स दात’ बसवणारे दिसतात. ते उष्णतेशिवाय घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकचा लगदा, कधी तारेसह, थेट शेजारच्या दातांवर थापतात. मापही नाही, घासणेही नाही. त्याखाली साफ करता येत नसल्याने हिरडी सुजते, हाड झिजते आणि आधाराचे चांगले दात हलू लागतात. हा गोळा काढताना दंतवैद्याला तो आधी तुकड्या-तुकड्यांनी कापावा लागतो.